माडीवरची पेटी आणि साठ जागा

आमच्या माडीवर एक पेटी होती. तिच्यात एका वेळी साठ दुकानं मावत. एकसष्टावं आलं की पेटी गुरगुरायला लागायची आणि खाली हुबळीच्या कापडबाजारात, म्हणजे दुर्गदबैलात, चांगली शहाणीसुरती माणसं एकमेकांच्या खानदानाची चौकशी करायची. मी हा तमाशा जवळून पाहिला. मी शिकले चौथीपर्यंत, तेही निपाणीकडच्या एका खेड्यात, जिथं मास्तर मनात आलं तरच उगवायचे. त्यामुळे पेटीच्या पोटात काय चालायचं ते सुनेनं सांगितलं तेवढंच मला ठाऊक. पेटीच्या बाहेर काय चालायचं ते मात्र मी डोळ्यांनी बघितलंय, आणि खरं सांगायचं तर सगळा घोळ बाहेरच होता.

पेटी सुनेची. सून धारवाडची, मळमड्डीतल्या मास्तरांची मुलगी, हुबळीत विद्यानगरच्या कॉलेजात शिकून इंजिनियर झालेली. आमच्या मुलानं तिला कुठं पाहिली ते मला कळलं नाही आणि मी विचारलंही नाही. मुलगा साड्या दाखवण्यात पटाईत. तेवढं सोडलं तर समोर जो बसला असेल त्याचं खरं, असं त्याचं मत. असल्या माणसाला डोकं असलेली बायको मिळाली तर बरंच की.

लग्नानंतर ती पहिल्यांदा चुलीपुढे बसली तेव्हा जोंधळ्याच्या पिठाची जी विटंबना झाली ती मी अजून विसरलेले नाही. भाकरी तव्यावर टाकताना फाटली. तिनं ती तव्यावरच बोटांनी जोडायला घेतली. बोट भाजलं, भाकरी करपली, आणि मालक पाटावर बसून वाट बघत होते. मालक म्हणजे माझे यजमान. दुकानात सगळे त्यांना मालक म्हणत, मीही तेच म्हणायला लागले, कारण त्यांना दुसरं काही म्हटलेलं ऐकू यायचं नाही. मी सुनेला म्हटलं, "ऊठ. वर माडीवर जा आणि तुला येतं ते कर."

पुढं बायका म्हणायच्या, अक्का मोठ्या मनाच्या, सुनेला तिचं काम करू दिलं. मनाचा काही संबंध नव्हता. मला माझी चूल हवी होती.

नवीन शतक लागून थोडी वर्षं झाली होती. आमच्या बाजारात घाऊक कापडाची नव्वदेक दुकानं. एखाद्याकडे गिऱ्हाईक अमुकच रंगाचं इरकल मागत अडून बसलं की तो शेजाऱ्यांकडे विचारायचा, कोणाकडे आहे का. हे विचारणं फोनवर. फोन कायम कोणीतरी धरून बसलेला. सुनेनं सुचवलं की प्रत्येक दुकानात एक कॉम्प्युटर ठेवायचा, गच्चीगच्चीवरून वायर ओढायची आणि आमच्या माडीवर एक मोठी पेटी बसवायची, तिला सर्व्हर म्हणतात. कोणाकडे कुठला माल आहे ते पेटीला माहीत असणार. दुकानदारानं आपल्या जागेवरून विचारायचं, पेटीनं सांगायचं, सौदा ठरला तर तिथंच लिहायचा.

बाजाराच्या मंडळाचे अध्यक्ष होते, त्यांना सगळे अण्णा म्हणत. अण्णा कुठल्याही गोष्टीला हो म्हणायचे नाहीत आणि नाहीही म्हणायचे नाहीत. ते म्हणायचे, बघू. याही बाबतीत ते म्हणाले, "दिवाळीच्या पाडव्यापर्यंत बघू. पाडव्याच्या मुहूर्ताला सगळ्या दुकानांचा पहिला सौदा पेटीत उठला तर वायर राहील. एकाचा जरी राहिला तर वायर उतरेल. वर्षाचा पहिला सौदा अडकणं म्हणजे वर्ष अडकणं."

मालकांनी घरी येऊन त्याला आपलं शेपूट जोडलं. "वायर उतरली की सूनबाईही माडीवरून उतरतील. मग घरचं बघायचं, स्वयंपाक शिकायचा." हे ते जेवताना म्हणाले. सून वाढत होती. तिच्या हातातली पळी जागच्या जागी थांबली. माझाही घास थांबला, पण माझं कारण वेगळं होतं.

तर पाडव्यापर्यंत मुदत. आणि पेटीत जागा साठ.

मी एकदा पावटे सोलताना तिला विचारलं, "दुकानं नव्वद आणि जागा साठ, हे कुठलं गणित?"

"आत्याबाई, सगळे एकदम येत नाहीत. एक येतो, बघतो, जातो. त्याची जागा दुसऱ्याला मिळते."

"मग नव्वदच ठेवायच्यास."

"आलेल्या प्रत्येकासाठी पेटीला एक दार उघडं धरावं लागतं. तो काय म्हणाला, कुठवर आला, हे ध्यानात ठेवावं लागतं. पेटी जुनी आहे. साठाच्या वर दारं धरायला लावली तर तिच्या हातून सगळंच सांडेल."

मला पटलं. मळमड्डीत असंच असतं. तिथं माणसं येतात, ओसरीवर बसतात, चहा घेतात, मुलांच्या मार्कांबद्दल खोटं बोलतात आणि जातात. दुर्गदबैल तिला माहीत नव्हतं.

पहिल्या महिन्यात पेटी भरली. भर बाजाराच्या वेळी एक दुकानदार आमच्या माडीखाली उभा राहून ओरडायला लागला की त्याच्या कॉम्प्युटरवर काहीच उघडत नाही. सुनेनं वर बघितलं तर साठही जागा भरलेल्या. सगळे सकाळी दुकान उघडल्यापासून आत, आणि कोणी काही विचारत नव्हतं, कोणी काही लिहीत नव्हतं. नुसते बसलेले.

"हे आत करतात काय?" ती मला विचारायला लागली, जसं काही मी त्यांना बसवलं होतं.

"जाऊन बघ की."

ती एकटी जायला लाजत होती, म्हणून मी बरोबर गेले. पहिल्याच दुकानात आम्ही बघितलं ते असं. कॉम्प्युटर लक्ष्मीच्या फोटोखाली ठेवलेला. पडद्याला हळदकुंकू. वरून शेवंतीचा हार, तो इतका खाली आलेला की अर्ध्या पडद्यावरचं काही वाचता येत नव्हतं. उदबत्ती अक्षरांच्या बटणांमध्ये खोचलेली, राख खाली पडत होती. सून ती राख बघत राहिली.

"काका, माल बघून झाला की बाहेर पडायचं बटण दाबा म्हणून सांगितलं होतं ना," ती म्हणाली.

"बाहेर म्हणजे मिटायचं?"

"हो."

"दिवसाढवळ्या?" तो माझ्याकडे वळला. "अक्का, ही पोर काय म्हणते बघा. सकाळी धूप दाखवून उघडलेलं. दिवस बुडायच्या आत मिटायचं? आमच्या तीन पिढ्यांत असं झालं नाही."

"दुकान मिटायला नाही सांगत ती. तो डबा मिटायचाय."

"डबा दुकानातच आहे की."

आम्ही पुढं गेलो. दुसऱ्या दुकानात तेच, तिसऱ्यात तेच. एका दुकानात दोघे सख्खे भाऊ. एकमेकांशी बोलत नव्हते, दुकानाच्या मधोमध पडदा. एकाच दुकानाला दोन कॉम्प्युटर, पेटीत दोन जागा. धाकटा पडद्याआडून बोटानं दाखवत मला हळूच म्हणाला, "त्यानं उघडलंय तोवर मी मिटणार नाही." थोरल्यानंही हेच सांगितलं, फक्त मोठ्यानं.

घरी येऊन सुनेनं बाहेर पडायच्या बटणाचं नाव बदललं. तिथं 'नमस्कार' लिहिलं. कोणी दाबलं नाही. नाव काही असो, मिटायचं ते मिटायचंच, हे त्यांना न शिकताही कळत होतं.

त्यात करंट. आमच्याकडे करंट रोज जायचा. पेटीला बॅटरी होती, म्हणून ती जिवंत राहायची. दुकानांतले कॉम्प्युटर मरायचे. मरताना 'येतो' म्हणून सांगायची सोय नव्हती. पेटी आपली त्यांच्यासाठी दार धरून बसलेली. करंट आला की दुकानदार नव्यानं आत शिरायचा आणि दुसरी जागा घ्यायचा. पहिल्या जागेवर त्याचं भूत. हुबळी-धारवाडच्या बसमध्ये खिडकीतून रुमाल टाकून लोक जागा धरतात, आणि मग मागून आलेल्या दुसऱ्याच बसनं निघून जातात. रुमालाला जागा, माणसं उभी. अगदी तसं.

मालकांकडे उपाय तयार होता. त्यांच्याकडे तो नेहमी तयार असतो. "वाढव की जागा. आपलं काय जातंय?"

सुनेनं वाढवून पाहिल्या. वाढलेल्या जागाही भरल्या, कारण आता पेटी मोठी झाली म्हणून लोकांनी गोदामातले कॉम्प्युटरही आत आणून बसवले. मग पेटी इतकी मंद झाली की गिऱ्हाईकानं रंग विचारावा, चहा प्यावा, दुसऱ्या दुकानातून साडी घेऊन घरी जावं, तोवर उत्तर यायचं. जागा वाढवल्या की बसणारे वाढतात, हे लग्नाची पंगत उठवलेल्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं. तिनं परत साठ केल्या.

मग तिनं नियम घातला. अर्धा तास जो काहीच बोलणार नाही त्याला पेटी आपणहून बाहेर काढील. तिच्या पुस्तकांत तसंच लिहिलेलं होतं म्हणे. पुस्तकं लिहिणारे दुर्गदबैलात कधी आले नसावेत. पहिल्याच दिवशी माडीचा जिना चपलांनी भरला. माझं दार कोणी मिटलं, असं विचारत माणसं वर येत होती. अण्णाही आले. त्यांना गुडघ्याचा त्रास, जिना चढून आले म्हणजे गोष्ट मोठी.

"सूनबाई, दुकानात आलेल्या माणसाला आपण ऊठ म्हणतो का?"

"अण्णा, ते गिऱ्हाईक नाहीत. ते नुसतेच बसलेत."

"नुसता बसलेला उद्या घेतो. पण ऊठ म्हटलेला परत येत नाही."

"पण त्यांच्यामुळं दुसरे आत येऊ शकत नाहीत."

"साकु," अण्णा म्हणाले. म्हणजे पुरे. "जिवंत माणसाला पेटीनं उठवायचं नाही."

तिनं कबूल केलं, पण जिवंत या शब्दाला धरूनच. "मेलेल्यांना उठवलं तर चालेल?" तिनं विचारलं. अण्णांना कळलं नाही, पण त्यांना नाही म्हणता येत नव्हतं, म्हणून ते म्हणाले, बघू. त्या बघूवर तिनं भुतं काढली. पेटी थोड्या थोड्या वेळानं प्रत्येकाला हाक मारायची, आणि जो ओ देणार नाही त्याची जागा मोकळी करायची. तेवढ्यानं थोडा श्वास मिळाला.

पेटीची दुसरी एक खोड होती, ती मला फार आवडायची. साठ भरले आणि बाहेरून कोणी दार वाजवलं की पेटी उठायची. जागा नाही म्हणून परत बसायची. बसली की आठवायचं, अरे, दार वाजतंय. परत उठायची. असं ती थांबायचीच नाही, आणि या उठबशांत आत बसलेल्यांना काही देणं राहून जायचं. तिचा पंखा इतका घोंगावायचा की खाली स्वयंपाकघरात ऐकू यायचं. साधी गोष्ट, बाहेर जाऊन सांगावं ना, बाबा, जागा नाही. पण सुनेनं सांगितलं की सांगायला आधी त्याला आत घ्यावं लागतं, आणि आत घ्यायला जागा लागते.

"म्हणजे नाही म्हणायलासुद्धा जागा लागते?"

"हो."

मला हे आवडलं. आमच्या घरात नाही म्हणायला मला कधीच जागा नव्हती.

तिनं काय केलं, तर साठातली एक जागा कायमची राखून ठेवली. तिथं कोणी बसायचं नाही. सगळं भरलं असताना दार वाजलं की त्या पाहुण्याला त्या एका जागेवर घ्यायचं, 'जागा नाही, थोड्या वेळानं या' एवढं सांगायचं आणि लगेच सोडायचं. जागा परत रिकामी, पुढच्याला नाही म्हणायला. पंखा शांत झाला. खाली लोकांना निदान कळायला लागलं की आपल्याला नको म्हटलंय. त्याचा राग वेगळा, पण न कळण्यापेक्षा तो बरा.

असं करत दिवाळी आली.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दुर्गदबैल बघावं. प्रत्येक दुकानाला केळीचे खांब, झेंडूच्या माळा, गादीवर नवी पांढरी चादर. ओळखीपाळखीच्या सगळ्यांना पान-सुपारीला बोलावणं. माणूस येतो, टेकतो, दोन शब्द बोलतो, ताटातलं पान-सुपारी उचलतो आणि उठतो. पान हातात आलं की बैठक संपली, हे कोणाला सांगावं लागत नाही. आमच्या दुकानात ताट सुनेच्या हातात होतं. ती येणाऱ्याजाणाऱ्याकडे अशी टक लावून बघत होती की मी तिला कोपरानं ढोसलं. "अगं, घेणाऱ्याच्या हाताकडे काय बघतेस? सुपारी मोजतेस का?"

त्या रात्री आमच्यात दुकानाचं दार मिटत नाहीत. शटर अर्धं वर, समई तेवती, एकजण आत आडवा पडलेला. लक्ष्मी येणार, तिला दार वाजवायला लावायचं नाही. आता या शहाण्यांनी ते कॉम्प्युटरलाही लावलं. सगळ्यांनी कॉम्प्युटरची पूजा केली, पेटीत शिरले आणि दार उघडंच ठेवलं. ज्यांनी आजवर तो डबा चालू केला नव्हता, ज्यांच्याकडे त्यावर टॉवेल वाळत असायचा, त्यांनीही त्या संध्याकाळी आठवणीनं चालू केला. दिवेलागणीलाच ती राखलेली एक सोडून सगळ्या जागा भरल्या. उरलेल्यांच्या पडद्यावर, हाराच्या आणि कुंकवाच्या मधोमध, आलं, जागा नाही, थोड्या वेळानं या.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी.

मी सांगते, त्या वेळी जिन्यावर जी माणसं चढून आली त्यांच्या चेहऱ्यांकडे बघून मला आधी हसू आलं आणि मग भीती वाटली. अण्णा पुढे, मालक त्यांच्या मागे. मालक आपल्याच घरात पाहुण्यासारखे मागे उभे होते.

"लक्ष्मीला जागा नाही म्हणून सांगितलं पेटीनं," अण्णा म्हणाले.

"लक्ष्मीला नाही अण्णा, दुकानाला. आतले थोडे उठले तर—"

"आज कोणाचं दार मिटायचं नाही."

"मग बाकीचे आत कसे येतील?"

"ते तू शिकलीस."

"आणि सकाळी मुहूर्ताला सगळ्यांचा सौदा उठला पाहिजे," मालक मागून म्हणाले.

"मामंजी, सकाळपर्यंत हेच सगळे बसून राहिले तर बाकीच्यांचे कसे उठतील?"

"ते मला सांगू नकोस. शब्द दे. लक्ष्मी यायच्या आत कोणाचं दार मिटणार नाहीस."

तिनं दिला. काय करणार. माझा मुलगा तिथंच उभा होता. त्याला अण्णांचंही पटत होतं, वडिलांचंही पटत होतं आणि बायकोचंही पटत होतं. सगळ्यांचं पटवून घेऊन तो खाली फराळाला गेला.

पाडव्याला पहाटे मी उठले. उंबऱ्यावर पाडव्याचे शेणाचे पाच गोळे, म्हणजे पांडव, मांडायचे होते, पण त्याआधी घर झाडायचं असतं. जुनी केरसुणी घ्यायची, सूप बडवायचं आणि कोपऱ्याकोपऱ्यातली अवदसा घराबाहेर घालवायची. लक्ष्मी आत आली की तिची थोरली बहीण घरात ठेवत नाहीत. मी आईकडे हेच केलं, सासरी हेच केलं. खालचं घर झाडून मी माडीवर गेले तर सून पेटीसमोर बसलेली. अंघोळ करून, नवी साडी नेसून, एक बोट बटणावर आणि बोट हलत नाही.

"काय झालं?"

"मी एक करून ठेवलंय, आत्याबाई. ज्याचा सौदा उठेल त्याच्या पडद्यावर पान-सुपारी येईल आणि तो आपोआप उठेल. जागा फिरती राहील. सगळ्यांचे सौदे होतील."

तिनं मला पडद्यावर दाखवलं. पानाचं चित्र तिनं स्वतः काढलं होतं. मला तो बेडूक वाटला. पण बेत चांगला होता, हे मी कबूल करते. ऊठ म्हटलं तर भांडतील. पान दिलं तर आपणच उठतील, आणि वर आपला मान झाला म्हणतील.

"मग अडलंय कुठं?"

"आत जे रात्रीपासून बसलेत त्यांच्याकडे जुनाच पडदा उघडा आहे. त्यांना पान येणार नाही. त्यांना एकदा सगळ्यांना बाहेर काढावं लागेल. म्हणजे ते नव्यानं आत येतील. पण मामंजींना शब्द दिलाय."

"काय शब्द दिलास?"

"लक्ष्मी यायच्या आत कोणाचं दार मिटणार नाही."

मी बाहेर बघितलं. उजाडत होतं. कुठंतरी फटाके वाजायला लागले होते. "अमावास्येची रात्र संपली. यायची असेल तर ती आली असणार. नसेल तर आता येत नाही. हे सूप कशासाठी आहे माझ्या हातात?"

"अवदसा घालवायला."

"ती कोण घालवतं? मालक?"

"नाही. बायका."

"मालकांना विचारून?"

ती माझ्याकडे वळून बसली.

"पहाटेच्या झाडण्यात पुरुष बोलत नाहीत. अण्णाही बोलत नाहीत, त्यांचीही बायको आत्ता हेच करत असेल. काढ सगळ्यांना."

"ओरडतील."

"ओरडू देत. नाहीतर आजपासून खाली ये आणि भाकरी जोडत बस."

मला वाटतं हे शेवटचं तिला जास्त पटलं. तिनं बटण दाबलं. मी पेटीजवळ सूप बडवलं, पाठीमागून आणि दोन्ही बाजूंनी, आणि म्हटलं, "इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो." कोपऱ्यात धूळ होती, तीही काढली. महिनोन्महिने त्या माडीवर केरसुणी फिरली नव्हती. इंजिनियर बायकांना कोपरे दिसत नाहीत.

मुहूर्ताला माणसं नवे कपडे घालून, टोप्या घालून आपापल्या गादीवर बसली. बघतात तर पडदा कोरा. आता ओरडतील असं आम्हाला वाटलं, पण कोणी ओरडलं नाही. पाडव्याला सगळं नव्यानं उघडायचं असतं, आणि पडदा नव्यानं उघडायला तयार होता. त्यांना तो शकुन वाटला. एकेकानं शिरून सौदा लिहिला. लिहिल्याबरोबर बेडूक, म्हणजे पान-सुपारी. दुकानदार पडद्याला हात जोडून मोकळे. त्या दोन भावांनीही दोन बाजूंनी लिहिले, आणि पान धाकट्याला आधी आलं म्हणून थोरला दिवसभर फुगून बसला. पंखा एकदाही घोंगावला नाही. नाही म्हणायची ती राखलेली जागा त्या दिवशी कोणालाच लागली नाही.

सगळ्या दुकानांचे सौदे उठले. अण्णांना ते आवडलं नसावं, कारण आता त्यांना बघू म्हणता येत नव्हतं. ते पान-सुपारीला आमच्या दुकानात आले आणि गादीवर टेकून मला म्हणाले, "अक्का, पहाटे माझ्या दुकानातलं दार मिटलं होतं. कोणी मिटलं?"

मालकांनी सुनेकडे बघितलं. सुनेनं ताटाकडे बघितलं.

"मी झाडलं," मी म्हटलं.

अण्णांनी तोंड उघडलं आणि मिटलं. पहाटेच्या केरसुणीवर काय बोलणार. घरी जाऊन बायकोला विचारावं लागलं असतं. त्यांनी पान उचललं आणि उठले. जाताना मालकांना म्हणाले, "वायर राहू दे." मालक बाजारभर सांगत फिरले की आमच्या सूनबाईंनी केलं. ते 'आमच्या' त्यांनी पहिल्यांदाच म्हटलं, आणि इतक्या वेळा म्हटलं की मला कंटाळा आला. मंडळाच्या पुढच्या बैठकीत मोठी पेटी घ्यायचं ठरलं, म्हणजे पुढच्या वर्षी कोणाच्याही लक्ष्मीला थांबावं लागणार नाही. मोठी पेटी आली आणि तीही भरली. पण ती तिची डोकेदुखी, माझी नव्हे.

त्या संध्याकाळी सून स्वयंपाकघरात आली. पदर खोचलेला, बांगड्या मागे सारलेल्या. आनंदात होती. आनंदात माणसं काहीही करायला धजतात.

"आत्याबाई, आज भाकरी मी थापते."

परातीत पीठ मळून तयार होतं. तवा तापला होता. मी तिच्याकडे बघितलं, पिठाकडे बघितलं.

"जागा नाही," मी म्हटलं. "थोड्या वेळानं ये."

ती हसायला लागली आणि वर गेली. मी पहिली भाकरी थापली. ती अख्खी उतरली.